हिरड्यांसाठी आठवड्यातल्या दोन दुपारी द्या: कोल्हापूरच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, कोल्हापूर
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर)

सादर नमस्कार.

हिरड्यांतून रक्त येतंय, दात हलू लागलेत आणि हातात फार पैसे नाहीत, अशा माणसाला आज बहुधा दोनच वाटा दिसतात. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या, नाहीतर दात काढून मोकळे व्हायचे. हिरडीखालचे किटण नीट काढणे आणि रुग्णाला ठरावीक मुदतीने परत बोलावणे हा या दोन्हींच्या मधला उपचार. खरा उपचार तोच आणि सर्वांत स्वस्तही तोच. तो सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत नेमाने मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ज्या रुग्णालयात दंतवैद्य आणि खुर्ची आहे, तिथे आठवड्यातल्या दोन दुपारी फक्त हिरड्यांसाठी राखून ठेवा, ही आमची मागणी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. काय लागते, किती लागते आणि काम कुठे अडते ते पुढे सविस्तर लिहितो. अशा मागण्या बहुतेक वेळा तपशिलाअभावीच फाइलीत पडून राहतात.

आधी आजाराबद्दल. दातावर रोज जमणारा मऊ, पांढरट थर ही जंतूंची वसाहत असते. ती ब्रशने निघते. राहिली तर लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागते आणि दोनेक आठवड्यांत तिचे किटण होते. ते मग घरच्या कोणत्याही ब्रशला दाद देत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी अभ्यासासाठी दात घासणे पूर्ण थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिल्या पायरीवरचा आजार पूर्ण बरा होतो. पुढच्या पायरीवर तसे होत नाही. सूज दीर्घकाळ राहिली की हिरडी दातापासून सुटते, दोघांमधली फट खोल जाते आणि दात धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजत जाते. लोक याला पायरिया म्हणतात. गेलेले हाड सहसा परत येत नाही, उरलेले मात्र वाचवता येते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ४-५ मिलिमीटर झाली की घरच्या सफाईच्या आवाक्याबाहेर गेली आणि ६ च्या पुढे गेली की दात धोक्यात आला असे धरावे.

अडचण अशी की हे सगळे फारसे दुखत नाही. दाढ किडली की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. पायरियाचा रुग्ण येतो तो भाकरी चावताना दात हलायला लागल्यावर. तंबाखू ओढणाऱ्याचे तर आणखी कठीण, कारण धुरामुळे हिरडीतला रक्तपुरवठा आवळला जातो आणि रक्त येण्याची खूणच झाकली जाते. हिरडी वरून फिकट, घट्ट, ठीकठाक दिसते. आत हाड निम्मे गेलेले असते.

आता पैशाचा हिशेब. खासगी दवाखान्यात पूर्ण तोंडाच्या साध्या सफाईला आजच्या दराने साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. फटी खोल गेल्या की भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागते, ती तोंडाच्या एकेका चतुर्थांशामागे आकारली जाते आणि काही हजारांत जाते. त्यापुढे हिरडी उघडून शस्त्रक्रिया, आणि दात गेलाच तर एका इम्प्लांटला वीस हजारांच्या वर. प्रत्येक पायरीला खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला कंत्राटी कामगार, इचलकरंजीतला यंत्रमागावरचा माणूस, पेठेत धुणीभांडी करणारी बाई पहिल्या पायरीचे पैसे कसेबसे उभे करू शकते. दुसऱ्या पायरीपासून तिच्यासाठी दार बंद होते. वैद्यकीय विमा दातांचा खर्च सहसा अपघातापुरताच देतो. सरकारच्या जनआरोग्य योजनांचा साचा रुग्णालयात भरती होऊन करायच्या उपचारांचा आहे, खुर्चीत बसून चाळीस मिनिटांत होणारी सफाई त्या साच्यात बसत नाही. म्हणून ओपीडीतली खुर्ची हाच एकमेव आधार उरतो.

तो आधार पुरा का पडत नाही, याचे कारण कुणाची अनास्था एवढेच नाही. दात काढायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, नीट सफाईला तीस ते चाळीस. सकाळच्या ओपीडीत बाहेर पन्नास माणसे बसली असताना दंतवैद्य काय निवडणार? त्यात महिन्याच्या अहवालात मोजले जातात ते तपासलेले रुग्ण आणि काढलेले दात. वाचवलेला दात कोणत्याच रकान्यात येत नाही. जे मोजले जाते तेच होत राहते. त्यामुळे सकाळच्या गर्दीत सफाई घुसवून चालणार नाही, तिला स्वतंत्र वेळ हवी. दुपारी दोन ते पाच ही वेळ आम्ही सुचवतो.

हे तीन तास कसे वापरायचे? एक दुपार पहिल्या सफाईसाठी. चाळीस मिनिटांचा एक रुग्ण, असे चार रुग्ण आणि उरलेल्या वीस मिनिटांत उपकरणांची आवराआवर. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर एका खुर्चीवर २०० रुग्ण. दुसरी दुपार खोल सफाईसाठी. भूल देऊन एका बैठकीत तोंडाची एक बाजू, तासाला एक, म्हणजे तीन बैठका. प्रत्येक रुग्णाला दोन बैठका लागतात, तेव्हा वर्षाला ७५ रुग्ण. परत बोलावलेल्यांची वीस मिनिटांची तपासणी सकाळच्या ओपीडीत पहिल्या अर्ध्या तासात बसवता येते. आकडा मोठा दिसत नाही, हे मान्य. पण अशा पाच-सहा खुर्च्या सुरू राहिल्या तर वर्षाला हजाराच्या वर माणसांचे दात टिकतील. थोरला दवाखाना (सीपीआर), कसबा बावड्याचे सेवा रुग्णालय, इचलकरंजीचे आयजीएम (इंदिरा गांधी) रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि महापालिकेची रुग्णालये मिळून एवढ्या खुर्च्यांची सोय करता येणे अवघड नाही.

रुग्ण निवडायला महागडी तपासणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेला हिरडीचा प्रोब, म्हणजे फट मोजायची बारीक सळई, असतो. त्याच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी आणि ३.५ ते ५.५ मिलिमीटरच्या दरम्यान काळा पट्टा. तोंडाचे सहा भाग करून ठरावीक दातांभोवती तो अगदी हलक्या हाताने, वीस-पंचवीस ग्रॅमच्या दाबाने फिरवायचा. रक्त आले तर १, किटण लागले तर २, काळा पट्टा अर्धवट हिरडीत गेला तर ३, पूर्ण दिसेनासा झाला तर ४. सगळे निरोगी असेल तर ०. दोन-तीन मिनिटांत सहा आकडे केसपेपरवर येतात. १ असेल त्याला ब्रश कसा करायचा ते शिकवून पाठवा, २ ला साधी सफाई, ३ ला सफाई करून पुन्हा मोज, ४ ला एक्स-रे काढून खोल सफाईची तारीख. ज्याने हे सहा आकडे लिहिले नाहीत त्याने हिरड्या तपासल्या असे आम्ही मानत नाही. आरशाने वरवर पाहून फट किती खोल आहे ते कळत नाही.

खोल सफाईनंतर लगेच शस्त्रक्रिया ठरवू नये. हिरडी पुन्हा दाताला चिकटायला निदान चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे थांबून प्रोबने पुन्हा मोजावे. बऱ्याच फटी या मुदतीत आपोआप उथळ होतात. ज्या ६ मिलिमीटर किंवा जास्त राहिल्या आणि ज्यातून अजून रक्त येते, फक्त त्यांनाच पुढचा उपचार लागतो. त्यानंतर दर तीन महिन्यांनी परत बोलावणे. हे शेवटचे काम सगळ्यांत जास्त चुकते, आणि ते चुकले तर आधीचे सगळे पाण्यात जाते, कारण खोल फटीतले जंतू काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखे वाढतात. यासाठी संगणक प्रणालीची वाट पाहू नका. महिन्यांच्या बारा कप्प्यांची कार्डपेटी ठेवा. आज सफाई झालेल्या माणसाचे कार्ड तीन महिन्यांपुढच्या कप्प्यात टाका. महिना उगवला की त्या कप्प्यातल्या माणसांना फोन करा. आला नाही तर त्या भागातल्या आशाताईंना नाव कळवा.

साहित्याचे पाहू. अल्ट्रासॉनिक स्केलरचे, म्हणजे किटण काढायच्या यंत्राचे, टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा कंप पावते आणि पाण्याच्या फवाऱ्याने थंड राहते. हे टोक झिजते. साधारण एक मिलिमीटर झिजले की त्याची ताकद पावभर कमी होते, दोन मिलिमीटर झिजले की निम्मी, तेव्हा ते टाकून द्यायचे. यंत्र खरेदी होते आणि टोके खरेदी होत नाहीत, असे होऊ देऊ नका. प्रत्येक रुग्णाला ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने) निर्जंतुक केलेले वेगळे टोक लागते, म्हणून चार रुग्णांच्या दुपारसाठी निदान सहा टोके हवीत. हाताने करायच्या सफाईला ग्रेसी क्युरेट, म्हणजे हिरडीखाली जाणारी धारदार हत्यारे, लागतात. ५/६, ७/८, ११/१२ आणि १३/१४ या चार जोड्यांत जवळजवळ सगळे तोंड होते. असे चार संच आणि धार लावायचा दगड. धार नसलेले क्युरेट किटण काढत नाही, उलट त्याला घासून गुळगुळीत करते, मग ते प्रोबलाही जाणवत नाही आणि हिरडी मात्र सुजलेलीच राहते. काही महिन्यांनी रुग्ण म्हणतो की सफाईचा काही उपयोग झाला नाही, आणि तो खोटे बोलत नसतो.

पाण्याचीही काळजी घ्यावी लागते. बोअरच्या जड पाण्यामुळे स्केलरच्या बारीक नळ्या आणि ऑटोक्लेव्हची टाकी क्षाराने तुंबते. वेगळ्या बाटलीतून आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी दिले तर यंत्राचे आयुष्य वाढते. कंप्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी रोज सोडावे लागते. न सोडल्यास ते हवेबरोबर पुढे जाऊन खुर्चीचे व्हॉल्व्ह बिघडवते. ही पाच मिनिटांची कामे कोणत्या कर्मचाऱ्याची, ते नावानिशी ठरवून भिंतीवर लावा. वार्षिक देखभाल करारात खुर्चीबरोबर कंप्रेसर, सक्शन आणि स्केलरची नोंद असते का, ते आजच तपासून पाहा. खुर्ची चांगली आणि कंप्रेसर बंद म्हणून विभाग आठवडेच्या आठवडे बसून राहू नये. भुलीसाठी ॲड्रिनलिनयुक्त दोन टक्के लिग्नोकेनच्या बाटल्या चालतात. भुलीच्या औषधाची तयार दंत काडतुसे दरकरारात नाहीत म्हणून खोल सफाई थांबवायचे कारण नाही. मोठ्या ताकदीचे सक्शन, उघडी खिडकी आणि सुरुवातीला रुग्णाला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ एवढे पाळले तर फवाऱ्यातून उडणारे जंतूही बरेच कमी होतात. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे आणि त्यात दंत विभागासाठी उपकरणे आणि खर्चाचे साहित्य मागता येते. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात ही टोके आणि क्युरेट ओळीने, संख्येनिशी मागावीत. मोघम ‘दंत साहित्य’ लिहिले की त्यातून पुन्हा दात काढायचे चिमटेच येतात.

मिश्रीबद्दल वेगळे लिहायलाच हवे. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः बायकांमध्ये, ती अजून दात घासायचे साधन म्हणून चालते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू म्हणजे मिश्री, आणि ती बोटाने हिरडीवर चोळली की निकोटीन थेट आत जाते. बधिरपणा येतो म्हणून बरे वाटते, दिवसातून चार वेळा लावावीशी वाटते, हिरडी मागे सरकते आणि मुळे उघडी पडतात. तंबाखूचा बार धरणाऱ्याची हिरडी नेमकी त्या जागी खाली उतरलेली दिसते. ‘सोडा’ एवढे सांगून कुणी सोडत नाही. सफाईच्या खुर्चीत माणूस अर्धा तास बसलेला असतो, आरशात स्वतःची हिरडी पाहतो, तेव्हाच त्याला तंबाखूमुक्ती केंद्राची चिठ्ठी द्यावी. मिश्री लावणाऱ्या बाईला मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइड पेस्ट देऊन, मिश्री लावायची वेळच ब्रशने भरून काढायला शिकवावे. जाड दंतमंजन, कोळसा, मीठ यांनी हिरडीजवळ दाताला खाच पडते. ब्रश मऊच हवा, हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून हलका फिरवायचा, दोन मिनिटे, रात्री झोपताना नक्की. दातांमध्ये फटी पडल्या असतील तिथे दोऱ्यापेक्षा फटीत जाणारा बारीक ब्रश जास्त उपयोगी.

मधुमेहाच्या रुग्णांना या दुपारी पहिला मान द्यावा. साखर जास्त असली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीत जंतूंची सूज असली की साखर आटोक्यात येत नाही. नीट केलेल्या हिरडी-उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) साधारण ०.४ टक्क्यांनी खाली येते असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. एक जादा गोळी सुरू करण्याआधी हिरडी पाहायला हरकत काय? मधुमेहाच्या ओपीडीत केसपेपरवर ‘हिरडी तपासणी’ असा एक शिक्का पुरे. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढू शकतात, तेव्हा त्यांचीही चिठ्ठी पाठवावी. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई निर्धास्त करता येते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला होतेच, त्या दिवशी दंतवैद्याने तासभर तिथे बसावे.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांची तक्ता-नोंद भरतात. त्यात तोंड उघडायला त्रास, न भरणारी जखम, पांढरे-लाल चट्टे हे कर्करोगाच्या दृष्टीने विचारले जाते आणि ते योग्यच आहे. जिल्हा पातळीवर त्याला दोन प्रश्न जोडावेत: दात घासताना रक्त येते का? एखादा दात हलतो का? पहिल्याला ‘हो’ म्हणणाऱ्याला दंत ओपीडी, दुसऱ्याला ‘हो’ म्हणणाऱ्याला लवकरात लवकर. बीडकडून येणारे ऊसतोड कामगार नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि मार्चपर्यंत असतात. तीन महिन्यांनी परत बोलावण्याचे गणित त्यांच्याबाबत नेमके जुळते. गाळप सुरू होताना पहिली सफाई, गाळप संपून पट्टा पडण्याआधी दुसरी. कारखान्यांनी फडावरून येण्यासाठी वाहन दिले तर हे होऊ शकते.

आपल्याजवळ दंत महाविद्यालये आहेत, हे मोठे बळ आहे. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय, सांगलीत भारती विद्यापीठ आणि वसंतदादा पाटील यांच्या नावाची महाविद्यालये, कराडला कृष्णा. चंदगडकडच्या माणसांना तर कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, तिथे केएलईचे दंत महाविद्यालय आहे. हिरड्यांच्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना खोल फटींचे, शस्त्रक्रियेचे रुग्ण शिकण्यासाठी लागतातच. आपल्याकडे ‘४’ हा आकडा निघालेल्या रुग्णांना तेच उपचार कमी खर्चात मिळू शकतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण प्राध्यापक शेजारी उभे राहून तपासतात आणि प्रत्येक मोज लिहिली जाते. आपण या महाविद्यालयांशी लेखी करार करावा. आपल्या चिठ्ठीवर आलेल्या रुग्णाचे नोंदणी शुल्क माफ, सहा आकडे आणि एक्स-रे पुन्हा काढू नयेत, आणि उपचार संपल्यावर तीन महिन्यांची देखभाल पुन्हा आपल्याच खुर्चीवर. शेवटची अट महत्त्वाची. एसटीने पारगावला वारंवार जाणे गगनबावड्याच्या शेतकऱ्याला जमणार नाही.

तालमी, मंडळे आणि बँका दंत शिबिरे भरवतात. त्यांच्या मनात सेवा असते, यात शंका नाही. पण एका दिवसात दोनशे तोंडे पाहून पेस्टच्या ट्यूब वाटल्या की हिरडीचा एकही आजार बरा होत नाही. शिबिराला परवानगी देताना एवढीच अट घाला की ज्याला ३ किंवा ४ आकडा निघेल, त्याच्या हातात सरकारी खुर्चीची तारीख लिहिलेले कार्ड पडले पाहिजे.

हे सुरू होईपर्यंत नागरिकांनी काय करावे, तेही इथेच लिहितो, कारण हे पत्र तेही वाचतील. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथे दंत विभाग असेल तर सकाळी लवकर जा आणि ‘दात काढायचा’ असे न म्हणता ‘हिरड्या मोजून सफाई हवी’ असे सांगा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या नोंदणीकृत कामगारांनी आपले ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड काढून पाहावे. त्यात दातांच्या उपचारांची सोय असते आणि ती फार कमी जण वापरतात. खासगी दवाखान्यात जायचे तर पाटीवर नोंदणी क्रमांक पाहा, फटींचे आकडे कागदावर मागा आणि खर्च टप्प्याटप्प्याने लिहून घ्या. पहिल्याच भेटीत ‘सगळे दात काढून इम्प्लांट’ किंवा ‘लेसरशिवाय होणार नाही’ असे कुणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून मग ठरवा. रस्त्याकडेला बसून हिरडीवरच प्लास्टिकचे ‘फिक्स’ दात चिकटवणाऱ्यांकडे जाऊ नका. त्याखाली अन्न सडते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

‘सफाईने दात हलतात’ ही भीती सगळ्यात जास्त माणसांना खुर्चीपासून दूर ठेवते. दात आधीच हलत असतो, किटणाच्या दगडाने तो शेजारच्याला बांधून ठेवलेला असतो. किटण काढले की खरी स्थिती दिसते. सूज उतरली की दातांमधल्या फटी दिसू लागतात, आठवडा-दोन आठवडे थंड पाणी दातांना झोंबते, मग हिरडी घट्ट होते. उलट, सफाई न करता मेट्रोनिडॅझोल आणि अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या घेतल्या तर सूज चार दिवस बसते आणि किटण जागेवर असल्याने परत येते. क्लोरहेक्सिडीनचे औषधही सफाईला पर्याय नाही. ०.२ टक्क्यांचे १० मिली, दिवसातून दोनदा, पेस्टनंतर अर्धा तास थांबून, आणि दोन आठवड्यांपुढे नको, नाहीतर दात तपकिरी पडतात व तोंडाची चव जाते. हृदयाची झडप बदललेली असेल तर सफाईआधी सांगा, आधी प्रतिजैविक द्यावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि गाल किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच क्षणी सीपीआरच्या अपघात विभागात जा.

आपल्याकडून आम्हाला अहवालाचा एक नवा नमुना हवा आहे. त्यात चार रकाने: किती जणांच्या हिरड्या मोजल्या, किती जणांना ३ किंवा ४ निघाला, किती जणांची सफाई पूर्ण झाली, आणि त्यांतले किती तीन महिन्यांनी परत आले. चौथा आकडा निम्म्याच्या वर गेला तर योजना चालली असे समजा. खाली राहिला तर कार्डपेटी आणि फोनची पद्धत सुधारा, खुर्ची बंद करू नका. प्रोब धरायचे प्रशिक्षण एका दिवसात होते. दंतवैद्यांची उजळणी, परिचारिकांना धार लावणे आणि निर्जंतुकीकरण, आशाताईंना ते दोन प्रश्न, हे सगळे शिकवायला आम्ही विनामोबदला येऊ. आपण फक्त दोन रुग्णालये, दोन दुपारी आणि सुरुवातीची तारीख कळवावी. यंदाचे गाळप सुरू होण्याआधीची तारीख असेल तर ऊसतोड कामगारांची पहिली फेरी हुकणार नाही.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यात दंतवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही जण